गडचांदूरच्या रस्त्यावरची गाढवीण

ग्रामीण रुग्णालयातली माझी नोकरी संपली, निरोप समारंभ झाला, साडी-नारळ मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला केस विंचरून, डबा भरून दारात उभी होते. नवरा कुंड्यांना पाणी घालत होता. त्याने माझ्याकडे बघितलं, नळ बंद केला आणि चहा टाकायला आत गेला.

तो स्वतः आयुध निर्माणीतून निवृत्त झाला तेव्हा आठवडाभरात घरात रमला होता. मला ते जमेना. कपाटं आवरून झाली, ट्रंका उपसून झाल्या, वस्तीतल्या विहारात मुलींना प्रथमोपचार शिकवून झाले. जेवायला बसले तरी कान बाहेर असायचे, कुणी हाक मारतंय का म्हणून. पुण्याहून मुलगी फोनवर म्हणायची, "आई, काहीतरी छंद लाव." छंद कसा लावतात ते मला माहीत नव्हतं. नर्सच्या हातांना बांधायला जखम हवी असते, एवढंच मला कळत होतं.

मग कॉलनीच्या फाटकाशी एका कुत्र्याच्या पायावरून मोटारसायकल गेली. मी त्याला ऑटोत घालून भद्रावतीबाहेरच्या जनावरांच्या आश्रयशाळेत नेलं आणि डॉक्टर आत दुसऱ्या कामात होत्या म्हणून स्वतःच पट्टी बांधली. डॉक्टर बाहेर आल्या, पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "उद्या येता का?" माझ्या मुलीपेक्षा वयाने लहान असलेली ती बाई मला त्या दिवसापासून सिस्टर म्हणायला लागली आणि मी रोज जायला लागले.

आश्रयशाळा म्हणजे माळावरची तारेच्या कुंपणातली जागा. लंगड्या गाई, खाणीच्या रस्त्यावर ट्रकने उडवलेले बैल, कुत्री. एका बाजूला लोखंडी जाळीची मोठी शेड. दिवस मावळायच्या आत सगळी जनावरं तिच्यात कोंडावी लागत, कारण वाघ तिकडे सर्रास फिरतो. राखणीला एक भाऊ होते, पन्नाशीचे, कमी बोलणारे.

पावसाळा लागून थोडे दिवस झाले होते तेव्हा गडचांदूरकडून एका शिक्षकांचा फोन आला. रस्त्याच्या कडेला एक गाढवीण उभी आहे, हलत नाही, बसत नाही, ट्रकवाले हॉर्न वाजवून थकले. आम्ही गाडी घेऊन गेलो. तिचा रंग कळत नव्हता. चुनखडीची पांढरी धूळ पावसाने भिजून अंगावर घट्ट झाली होती आणि पापण्यांवरही तीच. पुढचे दोन्ही पाय निळ्या नायलॉनच्या दोरीने एकमेकांना बांधलेले होते. दोरी इतकी आत रुतली होती की वरून कातडीच दिसत होती. खुर वाढून वर वळले होते, त्यामुळे ती टाचांवर उभी असल्यासारखी मागे रेलून उभी होती. पाठीवर खांद्यापाशी तळहाताएवढी जखम आणि तिच्यात अळ्या.

मी दोरी कापायला बसले. नोकरीत असताना मी पुष्कळ पाहिलं होतं, पण असं नाही. हे कुणी केलं असेल, असा एकच विचार डोक्यात होता. कुणीतरी निवांत बसून गाठी मारल्या होत्या. चांगल्या पक्क्या गाठी होत्या. मी कापत असताना ती गाढवीण अजिबात हलली नाही. डॉक्टर म्हणाल्या, "गाढव दुखणं दाखवत नाही सिस्टर, म्हणून लोकांना वाटतं त्याला दुखत नाही."

पुढचा महिना तिच्या मागेच गेला. टर्पेंटाइनचे बोळे घालून अळ्या काढल्या, जखम रोज धुतली, खुर थोडे थोडे कापत आणले. एकदम कापले तर तिला उभंच राहता आलं नसतं. अंग धुतल्यावर ती राखाडी निघाली, पाठीवर काळी रेघ, आणि डाव्या कानाच्या टोकाला त्रिकोणी खाच. जखमा भरत होत्या. बाकी काहीच नीट होत नव्हतं.

ती चालायची. पायांना आधार आल्या दिवसापासून ती रस्त्याच्या बाजूच्या कुंपणाला लागून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायची, वळायची, परत चालायची. तिथलं गवत गेलं, माती उघडी पडली. भाताची तणस पुढे ठेवली तर दोन घास घ्यायची आणि घास तोंडात असतानाच चालायला लागायची. रस्त्यावरून पिकअप गेली की थांबायची, कान पुढे करायची, आवाज विरेपर्यंत तशीच. डॉक्टरांना वाटलं गाडीची भीती बसली असेल. संध्याकाळी शेडमध्ये न्यायचं म्हणजे राखणदार भाऊंची परीक्षा. एकदा त्यांनी पुढून ओढलं, मी मागून ढकललं, आणि तिने माझ्या मांडीवर अशी लाथ मारली की मी आठवडाभर लंगडत होते.

"अशीच राहिली तर जाईल," डॉक्टर म्हणाल्या. "गाढवानं खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते. मग औषध चालत नाही."

मी घरी आले तरी ती डोळ्यांसमोर चालतच असायची. नवऱ्याशी बोलताना माझा धागा तुटायचा. एकदा तो म्हणाला, "तिले काय पाहिजे हे तू तिले विचारून राह्यली. तिच्या मालकाले विचार ना."

हे मला सुचलं नव्हतं. मला मालक सापडायला हवा होता, पण वेगळ्या कारणासाठी. मला त्याला ती दोरी दाखवायची होती. ती मी धुऊन पिशवीत ठेवली होती.

ऑगस्टमध्ये मी गडचांदूरला जायला लागले. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात. झोपड्यांचे नुसते सांगाडे आणि पाणी साचलेले मातीचे खड्डे. मोबाइलमधला कानाच्या खाचेचा फोटो मी पानठेल्यावर, पिठाच्या चक्कीवर, हापशीवर दाखवत फिरले. लोक हसायचे. गध्याचा मालक शोधत फिरणारी म्हातारी त्यांनी बघितली नव्हती. मग एका भट्टीमागच्या वस्तीत भांडी घासणाऱ्या एका बाईने फोटो हातात घेतला आणि हसली नाही.

"हे खाच त्या बाईच्या गध्यांची हाये," ती म्हणाली. "अहेरीकडची बाई होती. इथी दोघं नवरा-बायको राह्यचे, दोन गधे होते. उन्हाळ्यात तिचा माणूस तापानं मेला. मंग भाऊ आला न घेऊन गेला तिले."

"आणि ही?"

"ते मले नाई मालूम. गाडीत एकच गधा चढोला, एवढं पाह्यलं."

तिच्याकडून गावाचं नाव मिळालं. अहेरीच्या अलीकडे, प्राणहितेच्या बाजूला. मी दुसऱ्याच दिवशी निघाले. नवरा म्हणाला, "आता एवढ्या दूर जाऊन काय भांडशील?" मी म्हटलं, "भांडणार नाही. विचारीन." पण मी भांडायलाच चालले होते. बल्लारपूर, गोंडपिपरी, वैनगंगेचा पूल, आष्टी. आष्टीच्या पुढे लोहखनिजाच्या ट्रकांनी रस्ता असा केलाय की बस चालते की पोहते कळत नाही. मी सगळ्या वाटेवर वाक्यं जुळवत होते. आलापल्लीचं सागाचं जंगल आलं तोवर माझी वाक्यं चांगली धारदार झाली होती.

ती मला अहेरीच्या आठवडी बाजारातच भेटली. गावातल्या लोकांनी सांगितलं होतं, आज ती बाजारात असेल, गधा घेऊन. बाजाराच्या टोकाला मडक्यांच्या दुकानापाशी एक राखाडी गाढव उभं होतं, डाव्या कानाला तीच खाच. शेजारी एक बारकी, काळीसावळी बाई मडक्यांचं जाळं त्याच्या पाठीवर चढवत होती. चाळिशीच्या आतलीच असेल. मी काही न बोलता पिशवीतून दोरी काढली आणि तिच्यापुढे धरली.

तिने दोरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मडक्याचं जाळं तिने खाली ठेवलं.

"जित्ती हाये?" तिने विचारलं.

माझी सगळी वाक्यं गेली. मी म्हटलं, "आहे."

ती तिथेच मडक्यांच्या मधे खाली बसली आणि पदर तोंडावर धरला. दुकानदार आमच्याकडे बघायला लागला. मला उभं राहवेना आणि बसताही येईना. शेवटी मीही बसले.

"तुम्ही बांधली होती?"

"मीच बांधली. दुसरं कोन बांधंल?" ती पदर तोंडावरून न काढता बोलत होती. "भाऊ पिकअप घेऊन आला. सामान, मी, एक गधा. तिच्या पाठीले किडे पडले होते, वास मारत होती. ड्रायव्हर म्हने, हे नाई घेत मी. मी म्हनलं, चालत नेतो. भाऊ म्हने, पागल झाली का? तिच्यानं दोन पावलं चालनं होत नाई, अहेरीले कधी पोचशील? मंग मी बाभळीखाली सावलीत ठेवली, पुढं बादली ठेवली. पन ते मागं येते ना. नेहमी मागं येते. रस्त्यावर ट्रकच ट्रक. मनून पाय बांधले. भट्टीवरच्या मुनीमले सांगतलं, रोज पानी दे, चार दिवसांत भावाले पाठवतो. तो हो म्हनला."

"मग?"

"मंग भावानं नाई आनली. आज जातो, उद्या जातो. पानी लागलं. मुनीमचा फोन बंद. मी समजली का मेली." मग तिने पदर खाली घेतला आणि विचारलं, "पन मंग रस्त्यावर कशी गेली ते? पाय तं बांधून होते."

मी गडचांदूरच्या रस्त्यावर गाढविणीला बघितलं होतं. बाभळीपासून रस्त्यापर्यंत ती बांधलेल्या पायांनी उड्या मारत आली असणार, पिकअप गेली त्या दिशेने. आणि आमच्याकडे कुंपणाशी थांबून ती काय ऐकत होती तेही मला तिथे बसल्या बसल्या कळलं. मी हे सांगितलं. सांगावं की नाही असा विचार मनात आला, पण तोवर बोलून झालं होतं.

ती बाई उठली. मग गाढवाच्या मानेवर हात ठेवून म्हणाली, "हा तिचाच पोरगा हाये."

मी त्याला भद्रावतीला घेऊन जाऊ द्या म्हणून विनवलं. निदान काही दिवस. तिने मान हलवली. मडकी, रेती, घरकुलाच्या विटा, सगळं त्याच्याच पाठीवर होतं. "एक तुमी नेली, हा बी नेता. मंग मी कोनासंग राहू?" ती शांतपणे म्हणाली. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून चिडचिड करत राहिले. कुणावर चिडू ते ठरत नव्हतं. तो ड्रायव्हर, तो मुनीम, तिचा भाऊ, सगळ्यांनी थोडं थोडं केलं होतं आणि कुणा एकाला धरावं असं कुणीच उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी मग एक युक्ती केली. त्या बाईच्या भावाच्या फोनवर रोज संध्याकाळी फोन लावायचा आणि तिला बोलायला सांगायचं. ती लाजायची. मग जिभेने टाळूवर टक टक असा आवाज करून "ये वो, ये माय," म्हणायची. पहिल्यांदा हा आवाज फोनमधून आला तेव्हा गाढवीण कुंपणाशी होती. ती वळली, सरळ माझ्यापाशी आली, फोन हुंगला, माझा हात हुंगला आणि मग इतक्या मोठ्याने ओरडली की शेडमधले बैल उठून उभे राहिले. त्या संध्याकाळी तिने बरीचशी तणस खाल्ली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चालायला लागली, पण फोनच्या वेळेला थांबायची. असं करत आम्ही दिवाळीपर्यंत तिला जगवलं. तिकडे नेटवर्क नसायचं त्या दिवशी ती खायची नाही आणि मी पुन्हा पुन्हा फोन लावत बसायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी फाटकाशी पिकअप थांबली. राखणदार भाऊ धावत मला बोलवायला आले. ती बाई उतरली, मागून तिच्या भावाने गाढव उतरवलं. मी काही बोलायच्या आत कुंपणाच्या आत धप धप पावलं वाजली. गाढवीण धावत आली होती. आम्ही तिला धावताना कधी बघितलंच नव्हतं. ती तारेशी थांबली. बाहेरच्याने मान लांब केली, तिने त्याचं तोंड हुंगलं, मान हुंगली, आणि मग त्याच्या मानेला दात लावून खाजवायला लागली. त्यानेही तिच्या मानेला तसंच केलं. बराच वेळ दोघं तारेच्या दोन बाजूंनी एकमेकांना खाजवत उभी होती. ती बाई जवळ गेली नाही. लांबूनच तिचे पाय बघत होती.

डॉक्टरांनी फाटक उघडलं. चहा झाला. मग ती बाई म्हणाली, "आता बरी दिसते. मंग नेतो मी."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. आमच्याकडून जनावर परत जात नसे. एकदा सोडवलेलं जनावर पुन्हा ओझ्याखाली द्यायचं नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि माझंही तेच होतं, त्या सकाळपर्यंत.

"तिच्या पायांवर आता ओझं चालणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कधीच नाही."

"ओझं कोन टाकते? तिच्या पाठीवर कापड बी नाई टाकत मी."

"सगळे असंच म्हणतात."

"सगळे म्हनत असन. मी एकच हावो."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, तुम्ही सांगा यांना."

मी उठून बाहेर गेले. माझ्याने बसवत नव्हतं. बाहेर दोन्ही गाढवं एकाच टोपल्यात तोंड घालून सोयाबीनचं कुटार खात होती. तिचं खाणं मी इतके महिने घासाघासाने बघितलं होतं, आणि आता ती मान वर न करता खात होती. रस्त्यावरून गाडी गेली, कानही हलला नाही. मला वाटलं, ही गेली तर मी उद्यापासून कुणाच्या मागे फिरू? हा विचार आला आणि माझी मलाच लाज वाटली. मी आत गेले आणि म्हणाले, "जाऊ द्या तिला."

डॉक्टर खूप चिडल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी धड बोलल्याच नाहीत. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी अटी सांगितल्या. ओझं नाही, खुर वेळेवर, फोन रोज, आणि पाठवलेल्या माणसाला कधीही जनावर बघू द्यायचं. गाढविणीच्या पोराच्या पाठीलाही जखमेची सुरुवात होती. त्याच्यासाठी जाड गोणपाटाची गादी कशी शिवायची ते त्यांनी दाखवलं. त्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी नाई सांगतलं असतं तरी केलं असतं." डॉक्टर पहिल्यांदा जराशा हसल्या.

दुसऱ्या दिवशी ती गेली. पिकअपच्या मागच्या भागात दोन्ही गाढवं आणि त्यांच्यात उभी ती बाई. मी फाटकाशी होते. गाढविणीने मागे वळून बघितलं नाही, आणि का बघावं तिने?

जानेवारीत मी अहेरीला गेले, खुर बघायला. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये दोघं मोकळी चरत होती. मी हाक मारली तेव्हा ती आली, माझी पिशवी हुंगली, खायला काही नाही म्हटल्यावर परत गेली. पोट चांगलंच सुटलं होतं. त्या बाईने पाय धरला आणि मी कानशीने खुर घासला. दुसरा खुर तिने स्वतः घासला, मी पाय धरला. तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. पाठीवरची जखम भरून तिथे पांढरे केस आले होते. मी जखमेच्या जागी तळहात ठेवून बघितला. दाबल्याची, पट्टा घासल्याची काही खूण नव्हती. त्या बाईला कळलं मी काय बघते आहे.

"रात्री राह्या ना," ती म्हणाली. "वांग्याची भाजी करतो."

मला राहायचं होतं. पण बसची वेळ झाली म्हणून मी उठले. खरं म्हणजे त्यानंतरही एक बस होती. कानस मी तिच्याकडेच ठेवून आले.

घरी पोचले तेव्हा नवरा टीव्ही बघत होता. त्याने आवाज कमी केला. "कशी हाये?"

"लठ्ठ झालीय. चारा कमी करा म्हणून सांगून आले."

"न तू?"

मी पाय धुवायला मोरीत गेले. धूळ पोटऱ्यांपर्यंत होती, ती निघायला वेळ लागला. मी पाय पुसून आले, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसले, आणि बातम्या संपायच्या आधी उठून उद्याचा डबा भरायला लागले.